शाफ्ट बदलला, तरी आयर्नचं हेड पुन्हा पुन्हा सैल होतंय? तपासणी कुठून सुरू करायची

लक्षणं

घरी शाफ्ट (दांडा) बदललेल्या गोल्फच्या आयर्नमध्ये, म्हणजे धातूचं चपटं हेड असलेल्या क्लबमध्ये, हेड सैल होण्याचं हे दुखणं सहसा एका दिवसात येत नाही. आधी त्याची चाहूल लागते. पुढच्यापैकी काही दिसतंय का, ते बघा:

- चेंडूला फटका बसताना बारीक ‘टक्’ किंवा ‘खट्’ असा आवाज, जो पूर्वी नव्हता.
- क्लब उलटासुलटा केला की शाफ्टच्या आत काहीतरी घरंगळल्यासारखं वाजतं.
- फेरूल, म्हणजे हेड आणि शाफ्ट जिथे मिळतात तिथली प्लॅस्टिकची काळी कडी, वर सरकली आहे. तिच्या आणि होझेलच्या (हेडची पोकळ मान, जिच्यात शाफ्ट बसतो) मध्ये नखाएवढी फट दिसते.
- ग्रिप नेहमीसारखी धरूनही क्लबफेस (हेडची चेंडूला लागणारी बाजू) किंचित उघडा किंवा बंद, म्हणजे बाहेर किंवा आत वळलेला दिसतो.
- सेटमधला तोच एक क्लब दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सैल झाला आहे. बाकीचे ठीक आहेत.

यातलं काहीही दिसलं तर त्या क्लबने चेंडू मारणं तिथेच थांबवा. सात नंबरच्या आयर्नचं हेड साधारण २७० ग्रॅमचं असतं. पूर्ण वेगाच्या स्विंगमध्ये ते सुटलं तर कुठे जाईल ते कोणाच्याच हातात नसतं. ‘आजची फेरी तेवढी संपवू’ म्हणणं इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. हेड सैल झालं की हात आपोआप जास्त गोंदाकडे जातो. पण गोंद कमी पडल्यामुळे सांधा सुटला, असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा धातू नीट तयार केलेला नसतो, मापं जुळत नसतात, किंवा गोंद नीट मिसळलेला वा वाळलेला नसतो. म्हणून कारण सापडेपर्यंत नवा गोंद लावू नका.

पहिल्या तपासण्या: फुकट आणि हेड न काढता

आवाज नेमका कुठून येतो? क्लब कानाजवळ धरा आणि हळूहळू ग्रिप खाली करा, मग हेड खाली करा. आवाज शाफ्टच्या लांबीभर धावत गेला, तर आत सुटा तुकडा आहे. हेड बसवताना होझेलमधला जास्तीचा गोंद शाफ्टच्या पोकळीत चढतो, तिथे वाळतो आणि पुढे फटक्यांनी त्याचा खडा सुटतो. हा त्रासदायक असला तरी धोकादायक नाही. ग्रिप बदलायची वेळ येईल तेव्हा क्लब उलटा करून, शाफ्टवर बोटांनी टिचक्या मारून खडा बाहेर काढता येतो. पुढच्या वेळी शाफ्टच्या खालच्या तोंडात कॉर्क किंवा फोमचा छोटा बोळा बसवा, म्हणजे गोंद आत चढणार नाही.

आत काही धावत नसेल आणि आवाज फक्त फटक्याच्या क्षणी येत असेल, तर पुढे चला.

हेडच्या मागची पट्टी. बऱ्याच आयर्नच्या मागच्या खोबणीत नाव कोरलेली पट्टी किंवा बॅज चिकटवलेला असतो. शाफ्ट काढताना होझेलला दिलेली उष्णता तिथपर्यंत पोचते आणि पट्टीखालचा चिकटपणा संपतो. अंगठ्याने पट्टीच्या चारही कडा दाबा, मग बोटाच्या पेरांनी क्लबफेसवर टकटक करा. अंगठा दाबलेला असताना आवाज बंद पडला, तर तो आवाज पट्टीचा आहे, सांध्याचा नाही. पट्टी उचकटून दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पातळ, मजबूत दुतर्फा टेपने ती परत बसवा. आवाजामुळे शाफ्ट काढण्याआधी ही तपासणी टाळलीत, तर चांगला सांधा विनाकारण मोडाल.

फेरूल. फेरूल दोन बोटांत धरून फिरवा. नुसती तीच फिरत असेल तर तीही टकटकते. पण फेरूल वर सरकली याचे दोन अर्थ होऊ शकतात: एकतर ती एकटी शाफ्टवरून वर गेली, नाहीतर शाफ्टच होझेलमधून बाहेर येतोय आणि फेरूलला सोबत घेऊन चाललाय. फरक ओळखायला मोजपट्टी लागते. बटपासून, म्हणजे ग्रिपच्या टोकापासून, होझेलच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि शाफ्ट बसवला तेव्हाच्या मापाशी ताडून बघा. (हे माप शाफ्ट बसवला त्याच दिवशी लिहून ठेवायचं असतं. नसेल ठेवलं, तर आज ठेवा.) अंतर तेवढंच असेल तर फेरूल गरम करून खाली ढकलायच्या फंदात पडू नका. पातळ सायनोॲक्रिलेटचा (सुपरग्लूचा) एक थेंब फटीत सोडा आणि फेरूल खाली दाबून धरा. अंतर वाढलं असेल तर सांधा गेला.

रेषेची चाचणी. ही सगळ्यात खात्रीची, आणि हिला फक्त एक बारीक पर्मनंट मार्कर लागतो. होझेलवरून फेरूलवर आणि तिथून शाफ्टवर जाणारी एक सरळ उभी रेष ओढा. शाफ्ट रबरी ठोकळ्यात धरून व्हाइसमध्ये अडकवा, फेरूलच्या साधारण वीतभर वर. ग्रॅफाइट शाफ्ट असेल तर व्हाइस जेमतेम घट्ट करा. जास्त आवळलात तर नळी आतून चिरडते आणि बाहेरून काही दिसत नाही. आता हेडचं पुढचं टोक तळहाताने एकदा आत, एकदा बाहेर ढकला. झटका नको, सावकाश जोर लावा. रेष केसभर तुटली किंवा बारीक ‘करकर’ ऐकू आली तरी सांधा सुटलेलाच आहे. ‘फक्त थोडंसंच हलतंय’ असं काही नसतं.

हेड उतरवणं

इथून पुढे उष्णता लागते. काही हेडांच्या बाबतीत इथेच थांबायचं असतं, त्यांची यादी शेवटी दिली आहे. ती आधी वाचा आणि मगच टॉर्च पेटवा.

पोलादी शाफ्ट असेल तर होझेलला छोट्या गॅस टॉर्चने किंवा हीट गनने चारही बाजूंनी फिरवत ऊब द्या. ज्वाला एका जागी धरू नका. सैल झालेल्या सांध्याला फार वेळ लागत नाही. २०-३० सेकंदांनी जाड हातमोज्याने हेड वळवून बघा, नाही हललं तर पुन्हा थोडी ऊब. होझेलवर पिवळट झाक दिसायला लागली म्हणजे पोलाद २०० अंश सेल्सिअसच्या वर गेलंय, निळी झाक म्हणजे ३०० च्या आसपास. गोंद त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो, म्हणून रंग बदलू देणं ही गोंदाची गरज नव्हे, आपली घाई आहे. गरम हेड पाण्यात बुडवू नका, हवेत निवू द्या.

ग्रॅफाइट शाफ्टला टॉर्च नकोच. हीट गन वापरा आणि शाफ्ट पुलरने सरळ रेषेत ओढा. गरम असताना पिळलात तर टोकाचे तंतू एकमेकांपासून सुटतात. तो शाफ्ट वरून चांगला दिसतो आणि पुढे नेमका होझेलच्या कडेवर मोडतो.

खिडक्या उघड्या ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या, आणि शाफ्टच्या कुठल्याही तोंडासमोर उभे राहू नका. आत वजनाची खुंटी किंवा गोंदाचं बूच असेल तर मागची हवा तापून ते बंदुकीच्या गोळीसारखं बाहेर येऊ शकतं.

पुसण्याआधी तुटलेला गोंद वाचा

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते, आणि बहुतेक जण तीच पुसून टाकतात. शाफ्टचं टोक बाहेर आलं की तारेचा ब्रश हातात घेण्याआधी ते उजेडात धरा. मोबाइलच्या टॉर्चने होझेलच्या आतही बघा. हेड आपोआप सुटून आलं असेल, म्हणजे उष्णता लागलीच नसेल, तर खुणा अगदी स्पष्ट असतात.

*शाफ्टचं टोक चकचकीत, गोंदाचं पूर्ण कवच होझेलमध्ये.* टोकावरचा क्रोमचा मुलामा उतरवलेला नाही, किंवा ठिकठिकाणी राहिलाय. क्रोमवर गोंद नुसता बसतो, धरत नाही. नखाने ओढलं तर टोक काचेसारखं गुळगुळीत लागेल. घरगुती कामात सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच.

*होझेल उघडं, गोंद सगळा शाफ्टवर.* होझेलच्या आत जुना गोंद, गंज किंवा तेलकटपणा होता आणि नवा गोंद त्या थरावर चिकटला. शाफ्टवरच्या गोंदाच्या बाहेरच्या अंगाला तपकिरी धूळ किंवा जुन्या गोंदाचे पापुद्रे दिसले तर शंकाच नको.

*दोन्हीकडे गोंद, पण तो मधूनच फाटलेला.* पृष्ठभाग चांगले होते, गोंदच कच्चा होता. नखाने दाबा. नख रुतलं, रबरासारखं वाटलं, तर दोन भागांचं प्रमाण चुकलं किंवा मिसळणं अर्धवट झालं. कडक पण भुगा होणारा असेल तर पाच मिनिटांत सेट होणारी एपॉक्सी वापरली असण्याची शक्यता मोठी. ती खुर्चीच्या पायाला ठीक आहे, फटक्याच्या धक्क्यांना ठिसूळ पडते.

*एका बाजूला जाड गोंद, समोरच्या बाजूला घासलेला धातू.* शाफ्ट मधोमध नव्हता. मापं जुळत नाहीत. पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

*वर गोंदाचं कडं, खालचा अर्धा भाग जवळपास कोरडा.* गोंद फक्त शाफ्टला लावला, होझेलमध्ये नाही. शाफ्ट आत सरकवताना होझेलच्या काठाने तो निपटून वर काढला आणि खाली हवा अडकली.

*शाफ्टच्या टोकाखाली होझेलच्या तळाशी कठीण बूच.* जुना गोंद पूर्ण काढला नव्हता. शाफ्ट त्यावर टेकला आणि हवा तेवढा आत गेलाच नाही. आयर्नमध्ये किमान एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर तरी शाफ्ट होझेलमध्ये बसलेला हवा. त्यापेक्षा कमी असेल तर कितीही चांगला गोंद असला तरी तो सांधा टिकत नाही.

मापं: डोळ्यावर विश्वास नको

आयर्नचे शाफ्ट दोन प्रकारचे. पॅरलल टिप, ज्याचं टोक सरळ आणि ०.३७० इंच, म्हणजे सुमारे ९.४ मिलिमीटर. आणि टेपर टिप, ज्याचं टोक निमुळतं होत ०.३५५ इंचांवर, म्हणजे सुमारे ९.० मिलिमीटरवर येतं. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी आहे, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. व्हर्निअर कॅलिपरने टोकाचं माप घ्या. मग टोकापासून इंचभर वर पुन्हा घ्या. दोन्ही सारखी आली तर पॅरलल, वरचं मोठं आलं तर टेपर.

आता शाफ्ट कोरडाच होझेलमध्ये घाला आणि हलवून बघा. बरोबर जोडी असेल तर तो बोटाच्या जोराने तळापर्यंत जातो आणि जेमतेम जाणवेल इतकाच डुलतो. गोंदाला दोन-चार हजारांश इंच जागा लागते, त्याहून जास्त जागा म्हणजे जाड आणि कमजोर थर.

०.३७० च्या होझेलमध्ये टेपर शाफ्ट घातलात तर तो खाली लोलकासारखा हलतो. अशा वेळी फट गोंदाने भरून काढू नका. या जोडीसाठीच मिळणारी पितळी शिम (फट भरणारी पातळ नळी) बसवा, तीही आतून-बाहेरून घासून आणि गोंद लावून. उलट बाजूने, पॅरलल शाफ्ट ०.३५५ च्या होझेलमध्ये जातच नाही. त्याचं टोक घासून बारीक करायचा मोह होतो. तिथे नळीची भिंत आधीच पातळ असते, ती आणखी पातळ केली तर शाफ्ट सांध्यातच मोडेल.

टेपर शाफ्टच्या बाबतीत आणखी एक चूक दिसते. पॅरलल शाफ्ट प्रत्येक आयर्नसाठी टोकाकडून अर्ध्या इंचाच्या टप्प्यांनी कापायचा असतो. टेपर शाफ्ट प्रत्येक क्लबसाठी वेगळ्या लांबीचा बनवलेला मिळतो आणि लांबी जुळवायला तो फक्त बटकडून कापायचा. टोकाकडून कापला तर निमुळता भागच निघून जातो आणि उरलेला जाड भाग होझेलच्या मध्यात अडकतो. वरून सगळं घट्ट वाटतं, आत मात्र १५ मिलिमीटरच बसलेले असतात.

पुन्हा जोडताना

होझेलमधला जुना गोंद ड्रिलला लावलेल्या गोल तारेच्या ब्रशने काढा. आत राखाडी, कोरा धातू दिसेपर्यंत थांबू नका. तळाचं बूच राहिलं का, हे बारीक काडी घालून खोली मोजल्यावरच कळतं. मग ॲसिटोनमध्ये भिजवलेली कापडाची वळकटी आतून फिरवा. ती काळी येणं बंद होईपर्यंत नवी वळकटी घेत राहा.

पोलादी टोकाला आधी मास्किंग टेपने हद्द आखा: होझेलच्या खोलीपेक्षा मिलिमीटरभर जास्त, तेवढा वरचा घासलेला भाग फेरूलखाली झाकला जाईल. ८० किंवा १०० नंबरच्या एमरी पट्टीने टोकाभोवती घासा. क्रोम आणि खालचं पोलाद यांच्या रंगात फरक असतो. क्रोम निळसर आरशासारखं, पोलाद निस्तेज राखाडी. आरशाचा एकही ठिपका राहता कामा नये, पण तो गेला की थांबा. ग्रॅफाइटला मऊ हाताने फक्त रंग आणि चकाकी उतरवा. काळे तंतू सुटून धूळ काळी पडायला लागली म्हणजे तुम्ही जास्त खोल गेलात. ग्रॅफाइटसाठी होझेलच्या आतल्या वरच्या कडेला उतार दिलेला आहे का, तेही बघा. धारदार कड प्रत्येक फटक्याला तंतू कापत राहते.

घासल्यावर टोकाला बोट लावू नका. बोटाचं तेल पुरेसं असतं.

गोंद म्हणून २४ तासांत पूर्ण पकड घेणारी, क्लबच्या कामासाठी बनवलेली दोन भागांची एपॉक्सी घ्या. बहुतेकींचं प्रमाण समसमान असतं, पण डब्यावर ते आकारमानाने सांगितलंय की वजनाने, हे वाचा. एका क्लबला दोन्ही भाग वाटाण्याएवढे पुरतात. एवढ्या थोड्या मापात प्रमाण चुकणं सोपं असतं, म्हणून एकटा क्लब असला तरी थोडा जास्तच गोंद बनवा. निदान एक मिनिट, कडेचा आणि तळाचा खरवडून मध्ये घेत, रंगाच्या रेघा पूर्ण नाहीशा होईपर्यंत मिसळा. शाफ्ट किंचित सैल बसत असेल तर चिमूटभर काचमणी घाला. ते शाफ्टला चहूबाजूंनी सारख्या अंतरावर धरतात.

काडीने आधी होझेलच्या आत गोंद फिरवा, मग टोकाला लावा. शाफ्ट फिरवत आत घाला, अर्धा बाहेर काढा, पुन्हा फिरवत तळापर्यंत न्या. अडकलेली हवा याने बाहेर पडते. वर आलेला गोंद अल्कोहोलने पुसा, क्लबफेसची दिशा जुळवा, रेष ओढा आणि हेड जमिनीला टेकवून क्लब उभा ठेवा. दहा मिनिटांनी परत येऊन बघा. आत हवा राहिली असेल तर शाफ्ट किंवा फेरूल तेवढ्यात वर उचललेली दिसते, आणि गोंद ओला असल्याने ती अजून दाबता येते.

मिसळलेल्या गोंदाचा उरलेला थेंब पुठ्ठ्यावर ठेवून त्यावर क्लबचा नंबर लिहा. दुसऱ्या दिवशी नख रुततंय का ते त्या थेंबावर बघा. थेंब मऊ असेल तर आतला सांधाही मऊच आहे. खोली थंड असेल, २० अंशांच्या खाली, तर २४ तासांचे ४८ करा.

शाफ्टच्या टोकात आधी वजनाची खुंटी असेल आणि ती गोंद न लावता नुसती ठोकलेली असेल, तर आवाजाचं कारण तीही असू शकते. ती गोंदासकट बसवा. काढूनच टाकलीत तर दर दोन ग्रॅमला स्विंगवेट (क्लब फिरवताना हेड किती जड वाटतं याचं माप) साधारण एक अंक कमी होतं. ४ ग्रॅमची खुंटी काढल्यावर तो क्लब बाकी सेटच्या मानाने हलका वाटेल.

हातातलं काम थांबवून जाणकार क्लबमेकरकडे कधी द्यायचं

- होझेलला आडवी खीळ दिसत असेल. काही जुन्या आयर्नमध्ये ती आरपार जाते आणि रंगाखाली दडलेली असते. ती न काढता ओढलंत तर होझेल फाटतं.
- हेड आतून पोकळ असून त्यात फोम किंवा पॉलिमर भरलेलं असेल. उष्णतेने आतला भराव खराब होतो आणि तो परत भरता येत नाही.
- हेड पोलादाचं आहे की जस्ताच्या मिश्रधातूचं, याची खात्री नसेल. चुंबक लावून बघा. चुंबक चिकटलं नाही तर टॉर्च लावू नका. काही स्टेनलेस पोलादांनाही चुंबक चिकटत नाही, पण हा फरक टॉर्चने शोधायचा नसतो. जस्ताचं होझेल गरम असताना हातात मोडून येतं.
- होझेलला तडा असल्याची शंका असेल. बाहेरून पातळ तेलाचा हात फिरवा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर त्यातलं तेल भुकटीवर केसासारखी काळी रेघ उमटवतं. ही चाचणी शेवटी करा आणि तेल होझेलच्या आत जाऊ देऊ नका. रेघ उमटली तर ते हेड बाद. त्यावर वेल्डिंग करून घेऊ नका.
- कोरडा शाफ्ट होझेलमध्ये एका दिशेला हलतो, दुसऱ्या दिशेला नाही. छिद्र अंडाकृती झालंय. ते मोठं करून सरळ करायला यंत्रावर पकडावं लागतं, हातातल्या ड्रिलने ते तिरकंच होणार.
- मापं बरोबर, धातू स्वच्छ, थेंब कडक, आणि तरीही तोच क्लब दुसऱ्यांदा सुटला.

या शेवटच्या प्रकारात क्लब देताना तुटलेला गोंद न पुसता द्या. सोबत शाफ्टच्या टोकाची दोन्ही मापं, होझेलची खोली, आणि पुठ्ठ्यावरचा तो थेंबही द्या. लाय अँगल (हेड जमिनीवर टेकवल्यावर शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) कधी वाकवून घेतला असेल तर तेही सांगा. शाफ्टलाच तरफ बनवून हेड वाकवलं तर नवाकोरा सांधाही आतून तडकतो, आणि ही गोष्ट क्लबकडे नुसतं बघून समोरच्याला कळत नाही.